नावेच्या इंजिनाला बसवलेली घंटी

ती घंटी इंजिनासाठी आहे, असं मी गावात सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे ती मी एका माणसावर लावली होती. हे कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली, म्हणून ते सुरुवातीलाच लिहून मोकळा होतो.

आमचं गाव इंद्रायणीच्या चाकणकडच्या काठाला आहे. समोरच्या काठावरून वाट चिखलीकडे जाते, आणि तिथून कुणी देहूरोडच्या डेपोत कामाला जातं, कुणी पिंपरीच्या कारखान्यात. मी चिंचवडच्या स्टेशनावरून गाडी धरून पुण्याला कॉलेजात जातो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उन्हाळ्यात नदी दगडांवरून पायी ओलांडता येते, पण आषाढापासून माघापर्यंत नावेशिवाय गती नाही. सकाळी तीन-चार खेपा होतात. पहिल्या खेपेला डेपोवाले असतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कारखान्यातले, दूधवाले आणि सायकल घेऊन मी.

मी पहिल्या वर्षाला होतो त्या सालची ही गोष्ट. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गावानं वर्गणी काढून देहूरोडच्या एका भंगारवाल्याकडून नावेच्या मागे टांगायचं एक लहान इंजिन आणलं. महायुद्धातलं, लष्करानं मोडीत काढलेलं. उभं धरलं तर माझ्या छातीपर्यंत यायचं. वर पेट्रोलची टाकी, तिच्याखाली सिलिंडर, मग लांब दांडा आणि तळाला पंखा. पंख्याच्या जरा वर चाळणीसारखी भोकं पाडलेली पत्र्याची चकती होती. तिच्यातून नदीचं पाणी आत ओढलं जाई, सिलिंडरभोवती फिरून त्याला थंड करी आणि पाण्याच्या खालूनच परत नदीत जाई. पाणी आत फिरतंय की नाही, हे वर बसलेल्याला कळायला काही मार्ग नव्हता.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. युद्धाच्या काळात ते लष्करी वर्कशॉपात हेल्पर होते, त्यामुळे इंजिन चालवायचं काम गावानं त्यांच्याकडे दिलं आणि ते ठेवायची जागा आमच्या पडवीत ठरली. तिथे बाभळीच्या फळीला ते उभं टांगलेलं असे.

आणि भोईमामा. गावात सगळे त्याला याच नावानं हाक मारतात. वय साठीच्या पुढचं. चाळीस वर्षं त्यानं बांबूनं नाव चालवली होती, त्याच्या आधी त्याच्या बापानं. त्याबद्दल दरवर्षी सुगीला गाव त्याला धान्य देई. तेच त्याचं बलुतं, त्यावरच त्याचं घर चाले. इंजिन आलं तेव्हा त्याला काढायचं कुणाच्या मनात नव्हतं. तो रोज सकाळी आमच्या पडवीतून इंजिन खांद्यावर घेऊन नदीला नेई, नावेला लावी आणि मग नाळेला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बांबू घेऊन बसे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात दे, दोर बांध, असली कामं त्याच्याकडे राहिली.

श्रावणातल्या एका शुक्रवारी दुसऱ्या खेपेला इंजिन नदीच्या मध्यावर बंद पडलं. आधी आवाज चिरका झाला, मग तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मग एकदम शांतता. पाणी चढलेलं होतं. नाव तिरपी होऊन बंधाऱ्याकडे सरकायला लागली. भोईमामा उठला, बांबू टेकला आणि एकट्यानं आम्हाला काठाला आणलं. दादांनी प्लग काढून पुसला, इंजिन गार झालं, पुन्हा सुरू झालं. कारखान्यातला एक जण म्हणाला, मामाचं इंजिन बिनपेट्रोलचं, बिनघाणीचं, त्याला काय तोड. सगळे हसले. भोईमामाही हसला, आणि बांबूवरून त्यानं एकदा हात फिरवला.

ते हसणं त्या दिवशी मला गोड वाटलं होतं. पुढच्या पंधरा दिवसांत इंजिन आणखी तीनदा बंद पडलं आणि दर वेळी त्याच्याच बांबूनं आम्ही काठाला लागलो, तेव्हा तेच हसणं मला वेगळं दिसायला लागलं. लोकांना कामावर उशीर व्हायला लागला. कारखान्याच्या फाटकावरून परत पाठवलेली माणसं दुपारी नावेत बसून दादांकडे न बघता बोलत. म्हातारा इंजिनाला टिकू द्यायचा नाही, हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला आठवत नाही. मीच असेन, असं मला अलीकडे वाटतं.

फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर मी इंजिन बंद पडल्याचे दिवस लिहून ठेवले. शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार, पुन्हा मंगळवार. बाकीच्या वारी कधीच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी भोईमामा काय वेगळं करतो ते मी आठवू लागलो, आणि ते लगेच सापडलंही. त्या दोन वारी तो आधी घाटावरच्या देवीला जाई आणि कपाळाला भंडारा लावून मग आमच्याकडे येई. पहिल्या खेपेला इंजिन नीट चाले, बंद पडे ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. दोन खेपांच्या मध्ये दादा काठावर तंबाखू मळत बसत आणि नावेत भोईमामा एकटा असे. सगळं जुळत होतं. प्रयोगाच्या वहीत आकडे जुळले की जसा आनंद होतो तसा मला झाला, हे लपवत नाही.

माझ्या घरात त्या दोन वारी काय होतं, हे शोधायचं मला सुचलंसुद्धा नाही.

एका मंगळवारी मी लवकर सायकल घेऊन घाटावर गेलो आणि बाभळीच्या आड उभा राहिलो. भोईमामा इंजिन घेऊन उतरला. पाण्याजवळ त्यानं ते दगडाला टेकवून ठेवलं, आजूबाजूला पाहिलं आणि वाकून इंजिनाच्या तळाशी, बरोबर त्या चकतीवरून, हात फिरवला. मग मूठ पाण्यात धरून उघडली. तोच हात कपाळाला लावला आणि इंजिन नावेला चढवलं. त्या दिवशी तिसऱ्या खेपेला इंजिन बंद पडलं.

संध्याकाळी मी दादांना सांगितलं. ते तंबाखू मळायचे थांबले. मग म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलंस?"

मी हो म्हणालो.

"मला पवायला त्यानं शिकवलंय," दादा म्हणाले, आणि उठून गोठ्याकडे गेले.

तरीही त्यांनी ते पाटलांच्या कानावर घातलं. पाटलांनी मला पारावर बोलावून घेतलं. तिथे पाच-सहा जण बसले होते. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, अजूनही नाही. पण कॉलेजात जाणारा पोरगा काय सांगतोय ते ऐकायला ती माणसं पुढे वाकली होती, आणि मी पुन्हा हो म्हणालो. भोकांत काहीतरी घालताना पाहिलं, असं म्हणालो. पाटील मात्र सावध माणूस. ते म्हणाले, चाळीस वर्षं नाव चालवलेल्या माणसाचं बलुतं एका पोराच्या हो वर तोडायचं नाही, हातात काही दाखव. पुढच्याच्या पुढच्या रविवारी बसायचं ठरलं. तोवर कुणी म्हाताऱ्याला काही बोलायचं नाही. गुन्हा शाबीत झाला तर बलुतं बंद आणि नाळेला दुसरा माणूस.

हातात काही दाखवायचं कसं, याचा मी विचार करत राहिलो. इंजिन बंद पडून काठाला येईपर्यंत, गार होईपर्यंत, सगळे प्लगकडेच बघत आणि तो मध्ये काय काढून टाकी कोण जाणे. म्हणजे इंजिन बंद पडायच्या आधी, तापायला लागल्याबरोबर कळलं पाहिजे. नदीच्या मध्यावर, सगळ्यांच्या देखत, ती चकती उघडता आली पाहिजे.

त्याच महिन्यात वर्गात एक प्रयोग झाला होता. पितळेची आणि लोखंडाची पट्टी एकावर एक रिबिटांनी जोडलेली. ती तापवली की वाकते, कारण पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं. प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांनी मला तसल्या पट्ट्यांचे दोन तुकडे दिले. पुण्याच्या जुन्या बाजारात विजेची एक घंटी मिळाली, टॉर्चच्या सेलवर वाजणारी. देहूरोडच्या भंगारात मोडक्या ट्रकचा उष्णता दाखवणारा काटा मिळाला. त्याच्या पाठीमागून तांब्याची बारीक लांब नळी निघत होती आणि तिच्या टोकाला पितळी बोंड होतं.

पट्टी मी सिलिंडरच्या डोक्यावर बसवली आणि तिच्यासमोर एक स्क्रू ठेवला. पट्टी तापून वाकली की स्क्रूला टेकणार, सेलच्या विजेची वाट पुरी होणार आणि घंटी वाजणार. स्क्रू किती आत घ्यायचा हे ठरवायला मी आईच्या पातेल्यात पाणी उकळवलं आणि पट्टी त्यात बुडवून पाहिली. पाणी नुसतं कोमट असताना घंटी वाजायला नको, उकळायला लागलं की वाजलीच पाहिजे. आई चुलीपुढे बसून हे बघत होती. म्हणाली, पाणी उकळलेलं कळायला घंटी कशाला लागते रे. काट्याचं बोंड मी तांब्याच्या पट्टीनं सिलिंडरला आवळून बांधलं. आकडा खरा दाखवत नसेल, पण चढ-उतार कळे.

दादांनी आणखी एक सांगितलं. पेट्रोलही जास्त जातंय असं त्यांना वाटायला लागलं होतं. म्हणून टाकीच्या बाजूला मी काचेची उभी नळी बसवली, आतलं पेट्रोल किती ते बाहेरून दिसावं म्हणून, आणि तिच्यावर रंगानं रेघा ओढल्या. त्या नळीचा इंजिनाला काही उपयोग नव्हता. ती निव्वळ राखण होती.

भोईमामानं सगळं निरखून पाहिलं. हे काय, म्हणून विचारलं. इंजिन तापलं की ही वाजते, मी म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी मी त्याच्याकडे न बघता, पेचकस पुसत बोलत होतो.

"बांबूला असलं काय लागत न्हाई बघ," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून ती काचेची नळी तो रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला. मला वाटलं, माझ्या रेघा पुसतोय. मी रोज त्या मोजून बघत असे. एकही रेघ पुसट झाली नव्हती, पेट्रोलही जेवढं जायला हवं तेवढंच जात होतं. त्यानं माझा संशय कमी व्हायला हवा होता. तसं झालं नाही. हा माणूस फार हुशार आहे, एवढंच मला त्यातून कळलं.

पहिल्या मंगळवारी घंटी वाजली नाही. शुक्रवारी दुसऱ्या खेपेला वाजली.

नाव मध्यावर होती. त्या रविवारीच पारावर बसायचं होतं. मी मुद्दाम दादांजवळ, काट्यासमोर बसलो होतो. काटा आधी जागचा हलेना. मग थोडा सरकला, थांबला आणि एकाएकी चढतच गेला. माझ्या पायाशी फळीवर लावलेली घंटी इंजिनाच्या आवाजातून कर्कश वाजायला लागली. नावेतली माणसं दचकली. दादांनी इंजिन लगेच बंद केलं आणि वर उचललं. भोईमामानं सांगायच्या आधीच बांबू तळाला रोवला आणि छातीनं त्यावर भार देऊन नाव जागच्या जागी धरली.

मी पेचकस काढला आणि चकतीचे दोन स्क्रू सोडवले. सापडला, सापडला, एवढंच मनात चाललं होतं. चकती निघाली. तिच्यामागच्या खळग्यात बोट घालून मी जे होतं ते तळहातावर घेतलं.

तांदूळ होते. भिजून फुगलेले, आठ-दहा दाणे, काही चिरडलेले. दाण्यांना फिकट लाल रंग होता. त्यांच्यात जास्वंदीच्या पाकळीचा एक तुकडा.

अक्षता होत्या त्या. आणि जास्वंद आमच्या परसात होती.

मी वर पाहिलं तर भोईमामा बांबूवरून वाकून माझ्या तळहाताकडे बघत होता. मागून कुणीतरी विचारलं, काय घावलं रे? तेवढ्यात त्यानं एक हात बांबूवरून काढला, माझी मूठ मिटवली आणि मागे न बघता म्हणाला, "गाळ हाय. रेती."

मी चकती पुन्हा बसवली, दादांनी इंजिन सुरू केलं, काटा खाली आला. नावेत माणसं एकमेकांकडे बघत होती. पारावरची गोष्ट काही गुपित राहिली नव्हती. म्हाताऱ्यानंच पोराची मूठ मिटवली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या लेखी गुन्हा तिथेच शाबीत झाला.

पलीकडच्या काठाला सगळे उतरून गेल्यावर मी त्याला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का.

"फुलं ठाव व्हती," तो म्हणाला. "मंगळवार-शुक्रवार तुझी आई इंजिनाच्या पायावर फुलं वाहते. पाण्यात घालायच्या आदी म्या ती काढून नदीत सोडायचो. निर्माल्य हाय, तुडवू न्हाई. तांदूळ न्हाई दिसलं मला. डोळं गेलं आता."

बाभळीआडून मी जे पाहिलं होतं, ते हे होतं. मग गाळ असं का सांगितलंत, मी विचारलं. त्यानं दोर खुंटाला गुंडाळला. म्हणाला, "बाईमाणसाची पूजा. तिला गावानं नावं ठेवायची का?" मग दोराकडेच बघत, "घंटी माझ्यासाठीच लावलीस न्हवं?"

मी हो म्हणालो. त्या महिन्यात मी तीनदा हो म्हणालो होतो. खरं तेवढं हेच.

त्या दिवशी मी कॉलेजात गेलो नाही. परत घरी आलो. आई धुणं वाळत घालत होती. मी मूठ उघडून दाखवली. रोज ती इंजिनाला वर टाकीवर हळदकुंकू लावते, हे मला माहीत होतं. दर खंडेनवमीला नांगर, कोयता, माझी सायकल, सगळ्यांनाच लावते. पण मंगळवारी-शुक्रवारी, देवीचे वार म्हणून, ती इंजिनाची पूजा करी. देवाची करतात तशी पायापासून. पंख्याजवळचा तो भाग म्हणजे त्याचे पाय. आधी त्यांच्यावर पाणी, मग कुंकू, फूल आणि अक्षता. पहाटे मी आणि दादा विहिरीवर आंघोळीला गेलेलो असताना.

"ती बारीक भोकं हायेत ना, त्यात दाणा बसतो छान," ती म्हणाली. "बाकी कुठं ठेवला की घसरतो. म्हणून बोटानं दाबून बसवायची मी."

माणसं रोज पाण्यावरून नेतंय ते, म्हणून. दादा आणि मी त्यात बसतो, म्हणून. तिनं हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं. मग मी पारावरची सगळी हकीकत सांगितली. ती खाली पायरीवर बसली.

आता जे लिहायचं आहे ते सगळ्यात अवघड आहे. तेवढं कळल्यावरही माझ्या मनात आलं, की कुंकू लावलेले तांदूळ काय कुणालाही मिळतात. देवीच्या पायाशीही ते असतात, आणि तो त्या दोन वारी देवीला जाऊनच येतो. आईच्या दोन दाण्यांत त्यानं मूठभर मिसळले नसतील कशावरून? मी हे आईला बोललो नाही. शनिवारी सकाळी तिला म्हणालो, शुक्रवारी करतेस तशीच आज पूजा कर. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण केली. मग माझ्या हातानं, भोईमामा यायच्या आधी, मी चकती सोडवली. आत सात दाणे होते. मी ते मोजले, आणि तेव्हा कुठे माझी खात्री झाली. त्याच्या शब्दानं झाली नव्हती, आईच्याही नाही.

दादा शनिवारी दिवसभर घुटमळत होते. दुपारी म्हणाले, तो स्वतःच गाळ म्हणतोय तर गाळच राहू दे. मी पाटलांशी बोलतो, मिटवून टाकतो, घरातल्या बाईचं नाव चावडीवर कशाला. मला ते पटत चाललं होतं. खरंच पटत होतं. पण गाळ निघाला असं ठरलं तरी मी डोळ्यांनी पाहिलं असं जे सांगितलं होतं, ते तसंच राहणार होतं. इंजिन सुटलं असतं, माणूस नाही.

आईनं ते ऐकलं आणि आतूनच म्हणाली, "माझ्या हातचं हाय ते. सांग खुशाल. त्याच्या चुलीवर पाणी पडायला नको."

रविवारी सकाळी पारावर तीसेक माणसं होती. भोईमामा एका बाजूला टेकून बसला होता. त्याला काही सांगितलेलं नसूनही त्याला सगळं ठाऊक असल्यासारखं दिसत होतं. पलीकडे हौदाशी बायका पाणी भरत होत्या, त्यांच्यात आई. मी एका कागदात ते सात दाणे आणले होते. कागद पाटलांच्या पुढे ठेवला आणि कुठून आले ते सांगितलं. माझा आवाज मधेमधे जात होता, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. मग म्हणालो, "मी त्यांचा हात पाहिला होता. मुठीत काय होतं, ते पाहिलं नव्हतं."

"मग तवा पाहिलं म्हणून का सांगितलंस?" पाटलांनी विचारलं.

खरं सांगायचं तर तुम्ही सगळे माझं ऐकत होतात म्हणून, असं म्हणावं लागलं असतं.

नावेत थट्टा करणारा तो कारखान्यातला माणूस म्हणाला, म्हंजी कालेजवाल्या पोराच्या आईनं इंजिनाला जेवू घातलं म्हणायचं. सगळे हसले. मला वाटलं आई आता घागर घेऊन निघून जाईल. ती तिथूनच म्हणाली, राबतंय तर पोटाला लागतंच की त्याला बी. मग बायकाही हसल्या, आणि दादांनी मान वर केली.

बलुतं चालू राहील, असं पाटलांनी सांगितलं. मग भोईमामाला विचारलं, तुला काही बोलायचंय का. तो उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "बांबू धरीन म्या. पर ते इंजिन आता खांद्यावर घ्यायचो न्हाई. ज्याला बघायचंय त्यानं उचलावं."

कुणी त्याला आग्रह केला नाही.

त्या दिवसापासून इंजिन मी नेतो. ते पहिल्या दिवशी वाटलं त्याच्यापेक्षा पुष्कळ जड आहे, आणि घाटाची उतरण ओली असते. चाळीस वर्षं बांबू मारलेल्या खांद्यावर ते त्यानं रोज कसं घेतलं असेल, हे मला दरवेळी मधल्या दगडाशी थांबल्यावर आठवतं. आई अक्षता आता टाकीच्या झाकणावर वाहते, पायावर फक्त पाणी घालते. काचेची नळी मी काढून टाकली. ती काढली त्या सकाळी भोईमामानं सवयीनं सोगा हातात घेतला, आणि नळी नाही हे पाहून पुन्हा खोचला. काटा आणि घंटी ठेवली आहे, कारण इंजिनाला त्यांची गरज आहे.

कार्तिकात एका बुधवारी नदीच्या मध्यावर घंटी पुन्हा वाजली. चकतीला शेवाळ लागलं होतं, बाकी काही नव्हतं. पण ते नंतर कळलं. घंटी वाजल्याबरोबर नावेतली सगळी माणसं इंजिनाकडे वळली. भोईमामा माझ्याकडे वळला. त्यानं बांबू मांडीवर आडवा ठेवला, दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून बोटं उघडली आणि मला दिसतील असे क्षणभर धरले. मग बांबू उचलून तळाला टेकला.

तेव्हापासून घंटी वाजली की दर वेळी तो हे करतो. लोकांना ती त्याची गंमत वाटते. कुणी म्हणतं, मामा, झडती झाली का. मी हसत नाही, आणि खाली मान घालून पेचकस शोधतो. परवाही वाजली. त्याचे हात आता थोडे कापतात, पण बोटं तो पूर्ण उघडतो.